समईच्या उजेडांतील चेहरा

धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यांत सोनारी नांवाचें गांव आहे. काळभैरवनाथाचें क्षेत्र म्हणून तें महाराष्ट्रांतील अनेक कुळांना परिचित असून चैत्रांत तेथें मोठी यात्रा भरते. चैत्रांतल्या दुपारीं बाहेर डोळे दिपविणारें ऊन असतें. कोणत्याहि जुन्या दगडी देवळाचा उंबरठा अशा वेळीं ओलांडला, तर प्रथम कांहींच दिसत नाहीं. क्षणभरानें डोळा सरावतो आणि मग एकेक वस्तु अंधारांतून वर येऊं लागते. खेड्यापाड्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वीं अशा गाभाऱ्यांतील उजेड बहुधा समईचाच असे. त्या उजेडांत हात जोडून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा पाहण्यास डोळ्याला मुळींच अडचण पडत नसे. छायाचित्रकाराच्या यंत्राला मात्र ती पडे, कारण दारापाशीं थांबलेलें ऊन आणि आंतला समईचा उजेड यांत कित्येक हजार पटींचा फरक असतो. डोळा ही तफावत सहज झेलतो; फिल्मला तें सामर्थ्य नाहीं.

या अडचणीवर छायाचित्रणाच्या कलेनें तीन उपाय शोधले. पहिला उपाय धीराचा : फिल्म पुष्कळ वेळ उघडी ठेवावी आणि थेंबाथेंबानें उजेड सांठूं द्यावा. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रें बिनॉय बहल यांनीं १९९१ च्या सुमारास टिपलीं, तीं याच रीतीनें, मंद उजेडांत व दीर्घ अवधि देऊन. परंतु भिंतीवरील बोधिसत्त्व हालत नाहीं. जिवंत माणूस श्वास घेतो, पापणी मिटतो, ओठांशीं कांहीं पुटपुटतो. त्याला दगडासारखें उभें केलें, तर छायाचित्र मिळतें पण माणूस हरवतो. दुसरा उपाय झगझगाटाचा. १८८७ सालीं जर्मनींत मॅग्नेशियमयुक्त स्फोटक पूड निघाली, आणि १९२९ सालीं तोच भडका कांचेच्या बल्बांत बंद झाला. यानें चित्र खास मिळे. पण ज्या उजेडाच्या मोहानें चित्र घ्यावयाचें, तोच उजेड त्या भडक्यांत बुडून जाई, आणि समोरचा माणूस दचके तो निराळाच.

तिसरा उपाय सर्वांत सभ्य व सर्वांत अवघड होता. तो म्हणजे लेन्सचें तोंड इतकें मोठें करणें, कीं आहे तोच उजेड तिनें पुरवून घ्यावा. या तिसऱ्या वाटेवर १९३२ पासून पुढें सुमारें तीस वर्षें जर्मनी व जपान यांच्या कारखान्यांत मोठी चुरस लागली. ती छोट्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या नित्याच्या लेन्ससाठीं, म्हणजे पन्नास मिलिमीटरच्या लेन्ससाठीं होती. ती चुरस दिसावयास आंकड्यांची होती. वस्तुतः तिच्यामागें माणसाकडे कोणत्या उजेडांत पाहावें, हा प्रश्न होता.

आंकड्यांची भाषा प्रथम समजून घेतली पाहिजे. लांबच्या वस्तूची प्रतिमा लेन्सच्या मागें जेवढ्या अंतरावर स्पष्ट उमटते, त्याला नाभ्यंतर म्हणतात. त्या नाभ्यंतराला लेन्सच्या तोंडाच्या व्यासानें भागलें कीं ‘एफ’चा आंकडा मिळतो. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सचें तोंड पंचवीस मिलिमीटर असेल, तर ती एफ/२. तेंच तेहतीस असेल, तर एफ/१.५, आणि पन्नासच असेल, तर एफ/१. आंकडा जितका लहान, तितकें तोंड मोठें. प्रकाश मात्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि तेथेंच या हिशेबाचें सारें आकर्षण आहे. समजा, एखाद्या गाभाऱ्यांत एफ/३.५ च्या लेन्सला एक सेकंद लागतो. त्याच फिल्मवर एफ/२ ला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरेल, एफ/१.५ ला पांचव्या हिश्शाहूनहि थोडा कमी, आणि एफ/१ ला अवघा बारावा हिस्सा. एका पूर्ण सेकंदांत पुढचा माणूस हालतो आणि मागच्या माणसाचा हातहि हालतो. बाराव्या हिश्शांत मात्र सरावलेला छायाचित्रकार श्वास रोखून उभा राहूं शकतो. पुढील सर्व शर्यत त्या बाराव्या हिश्शासाठीं होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या प्रयत्नांचा आरंभ फार जुना आहे. छायाचित्रणाची कला १८३९ सालीं जगापुढें आली, तेव्हां बैठ्या माणसाला उन्हांत मिनिटेंच्या मिनिटें निश्चल बसावें लागे. पुढच्याच वर्षीं, १८४० सालीं, व्हिएन्ना येथील गणिती योसेफ पेट्झवाल यांनीं एफ/३.६ ची लेन्स गणितानें आंखून काढली आणि तीं मिनिटें सेकंदांवर आणलीं. आपल्याकडे १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्याशीं संबंधित होते. त्या पिढीचीं उपलब्ध चित्रें पाहिलीं म्हणजे बहुतेक माणसें उघड्यावर किंवा मोठ्या खिडकीशीं बसलेलीं दिसतात. हा केवळ रुचीचा प्रश्न नव्हता. यंत्राला घराच्या आंत येण्याची मुभाच नव्हती.

ती मुभा प्रथम मिळाली १९२४ सालीं. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्यानें त्या वर्षीं एर्मानॉक्स नांवाचा छोटा कॅमेरा बाजारांत आणला. त्याची एर्नोस्टार लेन्स एफ/२ ची, पुढें एफ/१.८ ची होती, आणि ती रचणारा लुडविग बेर्टेले हा वयाची पंचविशीहि न गांठलेला तरुण होता. या कॅमेऱ्याचें सामर्थ्य जगाला दाखविलें तें एरिख सॉलोमन या कायद्याच्या पदवीधरानें. १९२८ पासून तो बर्लिनच्या न्यायालयांत आणि राष्ट्रसंघाच्या बैठकींत कॅमेरा दडवून वावरूं लागला. रात्रीं उशिरां खुर्चींत पेंगुळलेले मंत्री, एकमेकांच्या कानाशीं लागलेले राजकारणी, हीं माणसें तोंवर कोणीं चित्रांत पाहिलीं नव्हतीं, कारण भडक्याच्या समोर कोणी पेंगत नाहीं. सॉलोमन ज्यू होता. १९४४ सालीं आउश्वित्सच्या छावणींत त्याचा अंत झाला. त्यानें घालून दिलेली रीति मात्र टिकली.

एर्मानॉक्सला एक मोठी अडचण होती. त्यांत कांचेची एकच तबकडी बसे. प्रत्येक चित्रानंतर ती बदलावी लागे. वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यांतील ऑस्कर बार्नाक यानें सिनेमाची फिल्म वापरून केलेला लायका कॅमेरा १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत आला, आणि एका गुंडाळींत छत्तीस चित्रें घेतां येऊं लागलीं. पण लायकाची आरंभींची लेन्स एफ/३.५ ची, म्हणजे उजेडाच्या बाबतींत पेट्झवालच्या शेजारींच बसणारी होती. शिवाय पुढच्या वस्तूचें अंतर अदमासानें ठरवावें लागे. १९३२ हें साल महत्त्वाचें, तें यासाठीं, कीं त्या वर्षीं लायकाची दुसरी आवृत्ति आणि झाइस आयकॉन कंपनीचा कॉन्टॅक्स हे दोन्ही कॅमेरे लेन्सशीं जोडलेला रेंजफाइंडर घेऊन आले. रेंजफाइंडर म्हणजे अंतर शोधणारें यंत्र. दोन झरोक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवितां फिरवितां त्या एकमेकींवर बसल्या कीं अंतर जुळलें. मंद उजेडांतहि हें जुळविणें शक्य असतें, आणि म्हणूनच मोठ्या तोंडाच्या लेन्सला हा सोबती लाभणें अगत्याचें होतें.

त्याच वर्षीं कॉन्टॅक्सबरोबर बेर्टेलेची नवी लेन्स आली. एर्नेमान कारखाना १९२६ सालीं झाइस आयकॉनमध्यें विलीन झाला होता, आणि बेर्टेलेहि त्याबरोबर तिकडे गेला होता. या लेन्सचें नांव झोनार. जर्मन भाषेंत ‘झोने’ म्हणजे सूर्य. मराठी कानाला मात्र तें नांव सराफकट्ट्यावरचें वाटेल, आणि काम पाहतां तेंहि अगदींच चूक नव्हे. पन्नास मिलिमीटरची ही लेन्स एफ/२ व एफ/१.५ अशा दोन रूपांत निघाली. एफ/१.५ च्या रूपांत सात भिंगें होतीं, परंतु तीं एकमेकांस चिकटवून अवघे तीन गट केलेले होते. या चिकटविण्यांतच बेर्टेलेची खरी हुशारी होती.

कारण असें, कीं उघड्या कांचेचा प्रत्येक पृष्ठभाग त्यावर पडलेल्या उजेडापैकीं चार ते पांच टक्के उजेड परत फेंकतो. हा उजेड नुसता वाया जात नाहीं; लेन्सच्या आंत भिंगाभिंगांत भटकतो आणि शेवटीं प्रतिमेवर धुक्यासारखा पसरतो. झोनारच्या तीन गटांना हवेशीं भिडणारे पृष्ठभाग फक्त सहा. म्हणजे सुमारें पाव उजेड गळून जाई. लाइट्झनें १९३६ सालीं लायकासाठीं काढलेली झेनॉन लेन्सहि एफ/१.५ चीच होती व तिच्यांतहि भिंगें सातच होतीं, परंतु गट पांच आणि पृष्ठभाग दहा. तेथें तिसऱ्या हिश्शाहून अधिक उजेड वाटेंतच जाई आणि धुकेंहि दाट होई. कागदावर दोघींचा आंकडा एक. फिल्मवर पोंचणारा उजेड व त्याचा निर्मळपणा मात्र एक नव्हता. कड्यावर कोरलेला आंकडा हा तोंडाचा व्यास सांगतो, पदरांत काय पडलें तें सांगत नाहीं, हा धडा या दोन लेन्सांनीं प्रथम शिकविला.

तरीहि झेनॉनची बाजू अगदींच लंगडी नव्हती. तिची रचना १८९६ सालीं पॉल रुडॉल्फ यानें झाइससाठीं केलेल्या प्लानार लेन्सच्या वंशांतील होती; मध्यभागीं छिद्र आणि दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखीं भिंगें, अशी ती तोलदार जात. तिच्यांत दोष सुधारण्यास वाव अधिक होता, पण पृष्ठभाग पुष्कळ असल्यामुळें तो वाव कामास येत नव्हता. झोनारच्या अंगीं उलट खोड होती : तोंड आवळलें कीं तिची स्पष्ट प्रतिमा पडण्याची जागा किंचित् मागें सरके, आणि रेंजफाइंडरला या सरकण्याचा पत्ता नसे. थोडक्यांत, एकीजवळ आज उजेड होता आणि दुसरीजवळ उद्यांची आशा.

जर्मनींत ही स्पर्धा रंगात असतांना तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न महाराष्ट्रांत, वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथें, अगदीं उघड्या रूपांत विचारला गेला. १९३६ सालीं गांधीजी तेथें राहावयास गेले. त्यांचे चुलत नातू कनु गांधी यांना आश्रमांतील जीवन टिपण्याची इच्छा झाली. घनश्यामदास बिर्ला यांनीं दिलेल्या शंभर रुपयांतून कॅमेरा व फिल्म आली. गांधीजींनीं परवानगी दिली ती तीन अटींवर : भडक्याचा दिवा वापरावयाचा नाहीं, मुद्दाम बसावयास सांगावयाचें नाहीं, आणि या कामासाठीं आश्रमाचा पैसा मिळावयाचा नाहीं. कनु गांधींजवळ रोलाइफ्लेक्स होता. तो रेंजफाइंडर जातीचा नव्हे, आणि त्याची लेन्सहि त्या काळीं साधारण एफ/३.५ च्या घरांतली असे. म्हणजे लेन्सच्या मदतीवांचून, केवळ दार, खिडकी, ओसरी आणि वेळ यांच्या बळावर त्यांनीं काम केलें. आश्रमाच्या त्या पहिल्या दोन अटी वाचल्या म्हणजे आश्चर्य वाटतें. कारण ड्रेस्डेन आणि वेट्झलार येथील गणिती आपल्या टेबलाशीं बसून ज्या यंत्राचा शोध घेत होते, त्याचेंच तें वर्णन होतें. न दचकविणारें, न थांबविणारें, आहे त्या उजेडांत पाहणारें यंत्र.

पुढें १९४६ सालीं अमेरिकेंतील ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनीं महाराष्ट्रांतच गांधीजींचें चरख्यासह चित्र घेतलें. त्यांना प्रथम चरखा समजून घेण्यास सांगण्यांत आलें, आणि भडक्याचे अवघे तीन बल्ब वापरण्याची मुभा मिळाली. दोन प्रयत्न वाया गेले, तिसऱ्यानें साधलें. तें चित्र जगभर गाजलें. परंतु माणसाच्या घरांतील उजेडाला पाहुणा म्हणून जावें कीं धनी म्हणून, हा भेद त्या तीन बल्बांच्या हिशेबांत स्पष्ट दिसतो.

याच भेदाचें अधिक करुण दर्शन ३० जानेवारी १९४८ च्या रात्रीं दिल्लींत झालें. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे त्या दिवशीं गांधीजींना भेटून गेले होते. हत्येची वार्ता कळतांच ते बिर्ला भवनांत परतले. लायका हें त्यांचें हत्यार, आणि भडक्याचा दिवा त्यांना निषिद्ध. पंडित नेहरू फाटकाशीं उंच चढून जमलेल्या लोकांना ती बातमी सांगत असतांनाचें त्यांचें चित्र जवळच्या दिव्याच्या उजेडांत घेतलेलें आहे. त्यांत रेषा तीक्ष्ण नाहींत. दिव्याचा गोळा फुटल्यासारखा पसरला आहे. चेहरा अर्धवट सांवलींत आहे. तथापि त्या रात्रीचा उजेड त्यांत जसाच्या तसा आहे. त्या क्षणीं पांढरा भडका उडाला असता, तर प्रत्येक चेहऱ्याची सुरकुती दिसली असती आणि रात्र दिसली नसती.

दुसऱ्या महायुद्धानें लेन्सच्या जगाची उलथापालथ केली. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनीं १९३५ सालींच कांचेवर अतिशय पातळ लेप देऊन परावर्तन कमी करण्याची युक्ति शोधली होती. ती आरंभीं लष्करी गुपित म्हणून राहिली. युद्धानंतर ती सर्वांची झाली. या एका लेपानें जुना न्याय फिरला. पृष्ठभाग कमी ठेवण्याची झोनारची मोठी सोय आतां तितकी मोलाची राहिली नाहीं, आणि प्लानारच्या वंशाला, म्हणजे पृष्ठभाग पुष्कळ पण दोष आवाक्यांत अशा रचनेला, पन्नास वर्षांनीं दिवस आले. लाइट्झनें १९४९ सालीं झेनॉनचीच रचना लेप देऊन समारिट या नांवानें आणली. १९५९ सालीं तिच्या जागीं एफ/१.४ ची समिलुक्स आली. झोनारचा संसार मात्र विभागला गेला. १९४५ सालीं येना शहर सोडतांना अमेरिकन सैन्यानें झाइसचे कांहीं तज्ज्ञ पश्चिमेस नेले. कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री रशियनांनीं नेली आणि तिच्यांतून कीएव्ह नांवाचा कॅमेरा निघूं लागला. त्याची ज्युपिटर-३ ही लेन्स म्हणजे रशियन नांवाची झोनारच होय.

यापुढची शर्यत जपानची. निप्पॉन कोगाकू कंपनीनें झोनारच्याच धर्तीवर १९५० सालीं एफ/१.४ ची निकॉर लेन्स काढली. १.५ आणि १.४ यांत उजेडाचा फरक अवघा पंधरा टक्क्यांचा. डोळ्याला तो क्वचितच जाणवेल. पण पेढीच्या पाटीवर तो उठून दिसे. त्याच वर्षीं ‘लाइफ’चे डेव्हिड डग्लस डंकन यांनीं जपानी लेन्स आपल्या लायकाला लावून कोरियाचें युद्ध टिपलें, आणि पश्चिमेकडील छायाचित्रकारांची जपानी कांचेविषयींची अढी सुटली. मग आंकडे झरझर उतरूं लागले. १९५३ सालीं झुनो लेन्स एफ/१.१ ची, १९५४ सालीं फुजिनॉन एफ/१.२ ची, १९५६ सालीं कॅनन एफ/१.२ ची आणि निकॉर एफ/१.१ ची, शेवटीं १९६१ सालीं कॅननची एफ/०.९५. एकाच्याहि खालीं! नाभ्यंतरापेक्षां तोंड मोठें, अशी ही पन्नास मिलिमीटरची लेन्स सहाशें ग्रॅमहून अधिक भरे आणि कॅमेऱ्याच्या झरोक्याचा एक कोपरा अडवून बसे.

एफ/१.१ वरून ०.९५ वर उतरल्यानें उजेड वाढला तो सुमारें तिसऱ्या हिश्शानें. त्यासाठीं द्यावें लागणारें मोल मात्र पुष्कळ होतें. पहिलें मोल स्पष्टतेच्या खोलीचें. एक मीटर अंतरावरील चेहरा एफ/१ नें टिपला, तर पुढेंमागें मिळून अवघें अडीच सेंटिमीटर स्पष्ट उमटतें. एक डोळा धारदार आणि कान धुक्यांत. दुसरें मोल रेंजफाइंडरचें. इतक्या पातळ थरावर नेम धरावयाचा, तर दोन झरोक्यांतील अंतर मोठें हवें. जुन्या लायकामध्यें तें एकोणचाळीस मिलिमीटर होतें, १९३६ च्या दुसऱ्या कॉन्टॅक्समध्यें नव्वद. म्हणजे एफ/१.५ ची लेन्स दोघांकडे असली, तरी ती नेमकी बसविण्याची हमी दोघांची सारखी नव्हती. तिसरें मोल कडांचें : मोठें तोंड उघडें असतांना दिव्यांचे ठिपके चित्राच्या कोपऱ्यांत पांखरांसारखे पंख पसरूं लागतात आणि काळा रंग राखाडी होतो. समईची ज्योत टिपावी, तर तिच्याभोंवतीं तिच्याहून मोठें प्रभामंडळ उमटावें, असा तो प्रकार. सिनेमाच्या क्षेत्रांतहि हाच अनुभव आला. स्टॅन्ली क्युब्रिक यांनीं १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटांतील मेणबत्तीच्या उजेडांतले प्रसंग झाइसच्या एफ/०.७ च्या लेन्सनें घेतले. उजेड पुरला, पण फोकसचा थर इतका पातळ, कीं नटांना फार हालतां येत नव्हतें. भडक्याशिवाय टिपण्यासाठीं लेन्स मोठी करावी, आणि तिच्या मोठेपणापायीं माणसाला पुन्हां स्थिर बसवावें लागावें, हा त्यांतील विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

लाइट्झनें या शर्यतींत निराळा पवित्रा घेतला. १९६६ सालीं त्यांनीं नॉक्टिलुक्स ही लेन्स आणली. नांवांतच रात्र आणि उजेड दोन्ही होते. तिचा आंकडा एफ/१.२, म्हणजे कॅननच्या मागें. परंतु तिच्या दोन पृष्ठभागांना गोलाकाराहून वेगळा बांक दिला होता, आणि तो बांक त्या काळीं कुशल कारागिराच्या हातानेंच घासून काढावा लागे. हेतु असा, कीं तोंड पूर्ण उघडें असतांनाच काळें तें काळें राहावें आणि दिवे फुटूं नयेत. किंमत भारी, कारागिरी दुर्मिळ; दहा वर्षांत अशा दोन हजारहि लेन्सा झाल्या नाहींत. १९७६ सालीं कॅनडांतील वॉल्टर मँडलर यांनीं साध्या गोल पृष्ठभागांवरच, पण अधिक योग्य कांच निवडून, एफ/१ ची नॉक्टिलुक्स आणली आणि ती २००८ पर्यंत निघत राहिली. त्याच वर्षीं एफ/०.९५ ची नॉक्टिलुक्स आली. कॅननच्या आंकड्याशीं बरोबरी करण्यास लाइट्झच्या परंपरेला सत्तेचाळीस वर्षें लागलीं, हें तिच्या मंदपणाचें लक्षण मानावें कीं संयमाचें, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

या अवधींत शर्यतीचें कारणच निम्मेंअधिक नाहींसें झालें होतें. १९५४ सालीं छोट्या कॅमेऱ्यासाठीं ट्राय-एक्स ही शीघ्र फिल्म आली, आणि १९८८ सालीं तिच्याहूनहि कितीतरी शीघ्र अशी पी-३२०० आली. जें काम लेन्सला दुप्पट कांच घालून करावें लागे, तें फिल्मच्या रसायनानें परस्पर केलें. १९५९ नंतर आरशाचे कॅमेरे पुढें आले आणि रेंजफाइंडर मागें पडला. झोनारचें मागचें भिंग फिल्मच्या इतकें जवळ असे, कीं मध्यें आरसा बसावयास जागाच नव्हती, म्हणून तीहि त्याच्याबरोबर मागें राहिली. एकविसाव्या शतकांत फिल्मचीहि जागा विद्युत्-पटलानें घेतली, आणि आज खिशांतला फोनसुद्धां समईच्या उजेडांत चेहरा टिपतो.

मग या लेन्सा अजून कां बनतात व कां विकत घेतल्या जातात? उत्तर मोठें चमत्कारिक आहे. ज्या धुक्याला जुन्या गणितींनीं दोष मानलें, ज्या पातळ थराला त्यांनीं नाइलाजानें सोसलें, तोच आतां विकत घेण्याचा माल झाला आहे. पार्श्वभूमि विरघळून चेहरा एकटा उरावा, यासाठीं लोक भर दुपारीं एफ/१ नें चित्र घेतात. अंधारासाठीं जन्मलेली वस्तु उन्हांत मिरवूं लागली. यांत गैर कांहीं नाहीं. वस्तूंचे उपयोग बदलतात. परंतु तुलना करावयाची, तर ती मूळ हेतूला धरून केली पाहिजे.

त्या हेतूच्या तराजूंत तोलतां असें दिसतें, कीं सर्वांत लहान आंकड्याची लेन्स ही सर्वांत श्रेष्ठ ठरली नाहीं. १९३२ ची झोनार श्रेष्ठ ठरली, कारण तिनें आंकडा आणि निर्मळपणा यांचा मेळ घातला आणि ती हातांत बाळगतां येई. १९६६ ची नॉक्टिलुक्स श्रेष्ठ ठरली, कारण तिनें आंकडा एक पायरी सोडून देऊन काळा रंग काळा राखला. कॅननची एफ/०.९५ साहसाचें स्मारक म्हणून मोलाची आहे. रोजच्या कामांत मात्र तिच्या मालकांना तिचें तोंड पुष्कळदां आवळावेंच लागे.

लेन्स कितीहि मोठी झाली, तरी ती उजेड निर्माण करीत नाहीं. असलेला उजेड वाया जाऊं देत नाहीं, एवढेंच तिचें काम. म्हणून तिच्या इतिहासाचा शेवट आंकड्यावर न होतां वृत्तीवर होतो. सेवाग्रामच्या अटी कनु गांधींनीं मंद लेन्सवरहि पाळल्या, आणि आज हातीं वाटेल तितकी वेगवान लेन्स असूनहि त्या सहज मोडतां येतात. माणसाला दचकवूं नये, त्याला मांडून बसवूं नये, त्याच्या घरीं त्याच्याच दिव्याच्या उजेडांत त्याला पाहावें; एवढें साधण्यासाठीं कित्येक शहाण्या माणसांनीं कांच घासण्यांत आयुष्यें वेंचलीं. यंत्र आतां त्या पायरीला पोंचलें आहे. यापुढची पायरी यंत्र हातीं धरणाऱ्याची आहे.